विश्रांतीचा हिशेब मालकाच्या हाती नको

मनगटावरचे घड्याळ आता केवळ वेळ दाखवत नाही. ते नाडी मोजते, झोप मोजते. महागडी यंत्रे त्याहीपुढे जातात. रात्रभरातील नाडीचा वेग, दोन ठोक्यांमधील अंतरात होणारे बारीक बदल आणि त्वचेचे तापमान पाहून ती सकाळी एक आकडा सांगतात. कालचा थकवा किती भरून निघाला आणि आज शरीराला किती श्रम झेपतील, याचा हा आकडा. त्याला 'रिकव्हरी' म्हणतात. सप्टेंबर २०२३ मध्ये 'व्हूप' या अमेरिकी कंपनीने ओपनएआयच्या साह्याने या आकड्यांवर बोलणारा सल्लागार आणला. जानेवारी २०२६ मध्ये ओपनएआयने चॅटजीपीटीला आपल्या आरोग्याची माहिती जोडण्याची सोय जाहीर केली. आपण परवानगी द्यायची आणि यंत्राने शरीर वाचून सल्ला द्यायचा, असा हा व्यवहार आहे.

हा श्रीमंतांच्या व्यायामशाळेचा प्रश्न आहे, आपल्याला त्याचे काय, असे म्हणून गाफील राहता येणार नाही. ज्यांच्याकडे विकायला केवळ श्रम आहेत, त्यांच्या थकव्याचा हिशेब दुसऱ्याच्या हाती जाणे ही साधी गोष्ट नव्हे.

यंत्राचा उपयोगच नाही, असे कोणी म्हणू नये. डॉक्टर दूर असलेल्या गावात नाडीतला बिघाड वेळेवर कळला तर जीव वाचू शकतो. परंतु यंत्राला आकडा दिसतो, त्यामागचे कारण दिसतेच असे नाही. वर्धा जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातले, नागपूर-अमरावती महामार्गावरचे तळेगाव (श्यामजी पंत) घ्या. या भागात संत्रा आहे, कापूस आहे. शेतीपंपाची वीज रात्रपाळीत आली की ओलितासाठी रात्रीच शेतात जावे लागते. त्याच महामार्गावर कोणी रात्रभर ट्रक हाकतो. अशा माणसाला सकाळी यंत्र सांगणार, "तुमची झोप अपुरी आहे, आज विश्रांती घ्या." विश्रांती घेतली तर मजुरी कोण देणार? त्याच्या थकव्याचे कारण विजेच्या वेळापत्रकात आणि मजुरीच्या दरात आहे. व्यवस्थेने लादलेला थकवा त्याच्याच वाईट सवयींच्या खात्यावर टाकला जाण्याचा धोका येथे आहे.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. ही माहिती उद्या कोणाच्या हाती जाईल? नागपूरने याची चुणूक पाहिली आहे. २०१८ च्या सुमारास नागपूर महानगरपालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे बांधली. कामगार कोठे आहे, हे कार्यालयात बसून पाहायचे आणि त्यावर हजेरी ठरवायची. यंत्राच्या दोषाने पगार कापला जातो, अशा तक्रारी कामगारांनी केल्या. सफाईच्या कामात पिढ्यान्‌पिढ्या कोणाला ढकलले गेले, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही. पट्टा आधी कोणाच्या मनगटावर चढतो, तेही लक्षात घ्यावे. ती घड्याळे जागा पाहत होती, नाडी नव्हे. पण उद्या कंत्राटदाराने रिकव्हरीचा आकडा पाहून "आज हा कामाचा नाही" असे ठरवले तर? किंवा आकडा चांगला आहे म्हणून दुप्पट काम लादले तर?

कायदा येथे पुरेसा नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. त्यानंतर २०२३ चा वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा आला. या कायद्यात आरोग्याच्या माहितीला वेगळे, अधिक कडक संरक्षण नाही. उलट नोकरीच्या कारणासाठी कामगाराच्या संमतीशिवायही माहिती वापरण्याची वाट कलम ७ मध्ये ठेवली आहे. आणि संमती घेतली तरी, पोट ज्याच्या हाती आहे त्याच्यापुढे दिलेली संमती खरी मानायची का?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मजूरमंत्री असताना १९४६ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती आणली आणि बारमाही कारखान्यांतील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणले. विश्रांती ही मालकाची कृपा नसून कामगाराचा हक्क आहे, हा त्याचा अर्थ. याउलट सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनंदिन मर्यादा ९ वरून १२ तास आणि तिमाहीतील ओव्हरटाइम ११५ वरून १४४ तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. एकीकडे तास वाढवायचे आणि दुसरीकडे थकवा मोजणारी यंत्रे विकायची! थकवा मोजल्याने कमी होत नाही. तो कामाचे तास घटल्याने कमी होतो.

म्हणून कामगार संघटनांनी आजच भूमिका घेतली पाहिजे. शरीराची माहिती मागण्याचा अधिकार मालकाला नसावा. ती हजेरी, पगार, बढती वा विम्याच्या हप्त्याशी जोडण्यास कायद्याने बंदी असावी. दिलेली परवानगी केव्हाही काढून घेता यावी आणि साठलेली माहिती पुसली जावी. मात्र हीच माहिती नावे वगळून, कामगारांच्या इच्छेने संघटनेच्या हाती आली, तर रात्रपाळी आणि जादा तास शरीराची काय दशा करतात, याचा पुरावा तिच्यातूनच उभा राहील. तो पुरावा वाटाघाटीच्या टेबलावर ठेवता येईल.

एआयला आपली नाडी दाखवायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. परंतु "दाखव, नाहीतर काम नाही" असे म्हणण्याची मुभा कोणालाही मिळता कामा नये. ही लढाई पट्टा मनगटावर चढण्यापूर्वीच लढावी लागेल.