गाडी वेशीबाहेर

गेल्या महिन्यात माझी भाची कोथरूडहून आली ती नकाशा घेऊनच. आमच्या मुठ्यात घरात मोबाइलला रेंज नीट येत नाही हे तिला माहीत, म्हणून बाईसाहेबांनी चक्क कागदावर काढून आणला होता.

"मावशी, मे महिन्यात आम्ही इटलीला जातोय. तिथं गाडी भाड्यानं घ्यायची आणि डोंगरमाथ्यावरची जुनी गावं बघत हिंडायचं. सिएना, सान जिमिन्यानो, चिविता... तुला काय सांगू, अगदी आपल्या लवासासारखी आहेत गं!"

मी म्हटलं, "अगं, लवासा त्यांच्यासारखं केलंय. ती लवासासारखी नाहीत."

मग चहा झाला आणि आम्ही दोघी नकाशावर वाकून बसलो. मैत्रिणींनो, सहलीची तयारी म्हणजे माझ्या लेखी चिवडा, लाडू, गोळ्यांचा डबा आणि देवापुढे नारळ. हिची तयारी वेगळीच. आपलं लायसन्स तिकडे एकटं चालत नाही, म्हणून आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढायचा. तिथं वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूनं जातात. गल्ल्या अरुंद, म्हणून गाडी लहानच घ्यायची. जुलै-ऑगस्टमध्ये उन्हाचा कडाका असतो, शिवाय सिएनात २ जुलै आणि १६ ऑगस्टला भर चौकात घोड्यांची शर्यत असते, तेव्हा गावात पाय ठेवायला जागा नसते. म्हणून मे महिना बरा.

एका गोष्टीवर मात्र तिनं लाल पेननं दोनदा रेघ ओढली होती: गाडी गावात न्यायची नाही. या जुन्या गावांच्या आत बाहेरच्या वाहनांना बहुतेक वेळ बंदी असते. वेशीवर पाटी असते आणि कॅमेराही असतो. चुकून आत शिरलात तर कोणी शिट्टी मारत नाही की हुज्जत घालत नाही. काही महिन्यांनी दंडाची पावती मात्र घरी येते. गाडी खाली वाहनतळावर लावायची, तिथले पैसे भरायचे आणि चढण पायी चढायची.

चिविता दि बान्योरेज्यो हे गाव तर मातीच्या ठिसूळ डोंगरावर उभं आहे. डोंगर ढासळत गेला तशी माणसं निघून गेली. आज कायमचे राहणारे जेमतेम दहा-बारा जण. गावात जायला फक्त पायी चालायचा पूल आहे. २०१३ पासून तिथल्या पालिकेनं पाहुण्यांकडून प्रवेशाचे पैसे घ्यायला सुरुवात केली. सुरुवातीला दीड युरो, पुढे वाढवून पाच. लोक यायचे थांबले नाहीत, उलट वाढले. त्या उत्पन्नातून पालिकेला तिथल्या रहिवाशांचे स्थानिक कर माफ करता आले.

हे ऐकलं आणि माझं मन नकाशावरून उठून आमच्या रस्त्यावर आलं.

आमचं मुठा पुण्याहून लवासाला जाणाऱ्या रस्त्यावर. पिरंगुटला डावीकडे वळायचं, उरवडे, मग मुठा, पुढे टेमघर धरणाशेजारून घाट चढला की लवासा. उन्हाळ्याच्या सुट्टीत शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. तिला आमची काही हरकत नाही. माणसं चार घटका गारव्याला येतात, येऊ देत. पण गाडी लागते ती कुणाच्या तरी शेताच्या बांधावर. प्लॅस्टिकच्या बाटल्या ओढ्यात. सोबतच्या बायकांची कुचंबणा होते, मग त्या आमच्या दारात येऊन अवघडून विचारतात, "काकू, बाथरूम आहे का?" बाईची अडचण बाईलाच कळते. आम्ही नाही म्हणत नाही. पण गंमत बघा, टेमघर हे पुण्याला पाणी देणाऱ्या चार धरणांपैकी एक, आणि त्याच डोंगरातल्या वरच्या काही वाड्यांवरच्या बायका मे महिन्यात हंडे घेऊन खाली उतरतात. त्यांनी डोक्यावरून आणलेल्या पाण्यात पाहुण्यांचे हातपाय धुतले जातात, आणि गाडी पुढं निघून जाते. खर्च होतो तो सगळा वर.

आणि वर तरी काय झालं? राज्य सरकारनं १९९६ मध्ये नव्या गिरिस्थानांसाठी नियमावली केली. २००१ मध्ये आमच्या शेजारच्या मोसे खोऱ्यातल्या १८ गावांचा परिसर त्यासाठी ठरला. इटलीतल्या पोर्तोफिनो या समुद्रकाठच्या गावाच्या धर्तीवर दासवे इथं रंगीत घरांची ओळ उभी राहिली. आदिवासींच्या आणि शेतकऱ्यांच्या जमिनींवरून आंदोलनं झाली, मेधाताई पाटकरांनी तो प्रश्न लावून धरला. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं काम थांबवायला सांगितलं, वर्षभरानं अटी घालून परवानगी दिली. २०१८ मध्ये कंपनीचं प्रकरण दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेलं. २५ जुलै २०२४ च्या अतिवृष्टीत तिथं दरड कोसळून बंगले गाडले गेले.

मूळ पोर्तोफिनो आहे कसं? मासेमारीचं छोटंसं गाव, लोकवस्ती पाचशेच्याही आत. २०२३ मध्ये तिथल्या कारभाऱ्यांनी सुट्टीच्या मोसमात ठरावीक जागी फोटोसाठी थांबून वाट अडवायला बंदी केली, दंड २७५ युरोपर्यंत. म्हणजे ज्यांची नक्कल आपण केली, ते लोक गर्दीला शिस्त लावण्यात गुंतलेत. आपण घरांचे रंग उचलले, कारभार उचलायचा राहिला.

मी काही इटलीची आरती ओवाळत नाहीये. जिथं दहा-बारा माणसं उरली आणि बाकी सगळे पाहुणे, त्या गावाला गाव तरी कसं म्हणायचं? आमच्याकडे अजून शाळा भरते, भात लावला जातो, जत्रेला पालखी निघते. हे टिकलं पाहिजे. म्हणूनच पाहुण्यांची सोय आणि गावाचा हिशोब, दोन्ही वेळीच बसवायला हवं.

आमच्या बचत गटाच्या बैठकीत मी हा विषय काढला. गावाच्या अलीकडे गाड्या लावायला एक जागा ठरवायची, शेजारी बायकांसाठी स्वच्छतागृह, पिठलं-भाकरी, ताक आणि करवंद-जांभळाची टोपली. गाडी लावायचे पैसे घ्यायचे, कचऱ्याची पिशवी हातात द्यायची. एक काकू लगेच म्हणाल्या, "लोकांनी पैसे दिले नाहीत तर? रस्ता काय आपल्या बापाचा आहे का?" त्यांचं खरं आहे. सरकारी रस्त्यावरून जाणाऱ्याला आपण अडवू शकत नाही आणि अडवूही नये. पण गाडी उभी करायची जागा आणि सोय दिली तर तिचं मोल मागता येतं. आपल्या ग्रामपंचायतीच्या १९५८ च्या कायद्यात यात्रेकरूंवरचा कर, बाजाराची फी, अगदी बैलगाडी नि टांग्याच्या तळाची फीसुद्धा आहे! टांगे गेले, मोटारी आल्या. जुन्या लोकांना जे सुचलं होतं, ते आपण विसरलो.

दुसरी म्हणाली, "भांडवल कोण देणार?" तर २०२३ मध्ये राज्य सरकारनं 'आई' नावाचं महिलांसाठीचं पर्यटन धोरण आणलं. पर्यटनाचा व्यवसाय करणाऱ्या बाईच्या १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज ठरावीक मर्यादेत परत मिळतं. घरातली खोली पाहुण्यांना द्यायची असेल तर सरकारची न्याहारी-निवास योजना आहे. कर्ज म्हटलं की आमच्या बायकांच्या पोटात गोळा येतो, आणि मी कुणाला घाईनं कर्ज काढा असं सांगणार नाही. आधी एक उन्हाळा ताक-भाकरीवर काढून बघू, किती गाड्या थांबतात ते वहीत लिहू, मग बँकेची पायरी चढू.

पण पहिली पायरी बिनपैशाची आहे. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यायची, असा आपल्या राज्यात नियम आहे. तिथं मांडलेला विषय नोंदला जातो. आम्ही ठरवलंय, येत्या महिला ग्रामसभेत हाच विषय मांडायचा: गाड्या कुठे लावायच्या, कचरा कोण उचलणार, आणि वरच्या वाड्यांना पाणी आधी मिळणार की नाही. पाहुण्यांकडून आलेल्या पैशातला पहिला रुपया त्या हंड्यांसाठी, हे मी स्वतः लिहून घेणार आहे.

भाची निघाली तेव्हा मी तिला विचारलं, "तिकडे गावाबाहेर गाडी लावून चढण चढणार, पैसे भरणार, दंडाला घाबरून पाट्या वाचणार. मागच्या वर्षी मैत्रिणींना घेऊन लवासाला गेलीस, तेव्हा मुठ्यात गाडी कुठे लावली होतीस गं?"

ती जीभ चावून म्हणाली, "मावशी, कुणाच्या तरी शेतात. पाटीच नव्हती ना!"

पोरीचं काय चुकलं? पाटी आपणच लावायला हवी. तुमचं गाव गडाच्या पायथ्याशी असेल, देवस्थानाच्या वाटेवर असेल, नाहीतर धबधब्याच्या. मे महिना लागायच्या आत तुमच्या महिला ग्रामसभेत विचारून बघा: गाडी आपल्या वेशीवर कुठे थांबणार?