नाट्यगृह बंद असताना

मार्च २०२० मध्ये नाट्यगृहांना टाळं लागलं आणि लगेच एक उपदेश सगळीकडे फिरू लागला. प्लेगने लंडनची नाट्यगृहं बंद होती तेव्हा शेक्सपिअरने ‘किंग लिअर’ लिहिलं. खरा कलावंत अडून बसत नाही, वेळ मिळालाय तर निर्मिती करा. हा उपदेश मला तेव्हाही पटला नाही आणि आजही पटत नाही.

‘लिअर’ची पक्की नोंद आहे ती २६ डिसेंबर १६०६ रोजी राजदरबारात झालेल्या प्रयोगाची, लेखनाची नाही. कोंडलेल्या खोलीतला एकटा नाटककार हे चित्र आपण मागाहून रंगवलं. त्याच्या हयातीतल्या ज्या बंदीबद्दल निश्चित बोलता येतं, ती वेगळंच सांगते. १५९३ मध्ये नाट्यगृहं बंद असताना त्याने ‘व्हीनस अँड अ‍ॅडोनिस’ हे काव्य छापलं आणि साउदॅम्प्टनच्या सरदाराला अर्पण केलं. नाटकाची वाट बंद झाली म्हणून तो आश्रयदात्याकडे वळला. पुढे १६०३-०४ च्या साथीत राजाने त्याच्या मंडळीच्या निर्वाहासाठी तीस पौंड दिले. ते रिचर्ड बर्बेज या नटाच्या हाती दिले गेले, साऱ्या मंडळीसाठी. प्रतिभेचा दाखला देणारे या तीस पौंडांचं नाव काढत नाहीत.

आपल्याकडे तर मोबदला ‘नाईट’वर असतो. प्रयोग नाही तर नाईट नाही. मालिकांची चित्रीकरणं काही महिन्यांत सुरू झाली, नावाजलेल्या नटांना तिथे काम मिळालं. पण नेपथ्य उभारणारे, कपडेपट सांभाळणारे, रंगभूषा करणारे, बुकिंगच्या खिडकीवर बसणारे? नोव्हेंबर २०२० मध्ये निम्म्या आसनांवर परवानगी मिळाली, २०२१ च्या वसंतात पुन्हा बंदी आली आणि पडदा परत उघडला तो २२ ऑक्टोबरला. घरात शिधा नसलेल्या माणसाला ‘सर्जनशील राहा’ म्हणणं क्रूर आहे. फुरसत आणि बेकारी यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याने रंगकर्मीला सल्ला देऊ नये.

दुसरा पक्ष म्हणतो, नाटक आता पडद्यावर आलंच आहे, नाट्यगृह हवंच कशाला? लंडनच्या नॅशनल थिएटरने एप्रिल २०२० पासून नाटकं घरोघरी मोफत दाखवली, हा त्यांचा आवडता पुरावा. पण ती चित्रणं आधीची होती, भरलेल्या प्रेक्षागृहात केलेली. त्यांतलं हसू प्रेक्षकांचं होतं. ती टिकली ती जिवंत प्रयोगाच्या जोरावर.

मग हातावर हात ठेवून बसायचं का? मुळीच नाही. हृषीकेश जोशींच्या पुढाकाराने ‘नेटक’ या ऑनलाइन नाट्यउपक्रमातून झालेलं ‘मोगरा’ हे नाटक मला मोलाचं वाटतं. कलाकार आपापल्या घरात होते, पण सादरीकरण थेट होतं; चुकलं तर चुकलं, परत घेण्याची सोय नाही. ती जोखीम हाच आपल्या धंद्याचा प्राण आहे, आणि बंदीच्या काळात आधी तीच जपायला हवी.

म्हणून माझा आग्रह एकट्याने नवं लिहिण्यापेक्षा एकत्र मोठ्याने वाचण्यावर आहे. ठरलेल्या वेळी चारपाच जणांनी फोनवर का होईना, नाटक वाचावं. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तला सुधाकर मनातल्या मनात वाचून हाती लागत नाही, त्या वाक्यांना दम लागतो, आणि महिनोन्‌महिने मोठ्याने न बोललेल्या नटाचा दम पहिल्या अंकातच उघडा पडतो. लेखकालाही आपला संवाद दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय त्यातला फापटपसारा दिसत नाही. नेपथ्यकाराने एका टेम्पोत मावेल असा सेट कागदावर बसवावा, प्रकाशयोजनाकाराने मोजक्या दिव्यांत तोच प्रवेश उजळून पाहावा. निम्म्या प्रेक्षागृहावर दौरा परवडायचा तर हे लागणारच. ही कामं कुणाला मिरवता येत नाहीत, पण पडदा उघडतो त्या दिवशी हीच उपयोगी पडतात.

आणि ही कामं फुकट होता कामा नयेत. वाचनाला तिकीट लावावं, नटांइतकाच रंगमंच कामगारांनाही त्यातला वाटा मिळावा, आणि नाटक जोरात चालू असतानाच निर्मात्यांनी व शासनाने मिळून त्यासाठी निधी बाजूला काढावा. नेपथ्याचं काम जाणणारा माणूस पोटासाठी कायमचा दुसऱ्या धंद्याला लागला, तर नाट्यगृह उघडल्यावर सेट कोण लावणार?