ओळखींचा बाजार

शाळेला इंग्रजींत जो शब्द आहे, त्याचें मूळ ग्रीक भाषेंतील 'स्कोले' या शब्दांत आहे, आणि त्याचा अर्थ फुरसत असा होतो. उलट लॅटिन भाषेंत कामधंद्याला 'नेगोशिअम' म्हणत. तो शब्द फुरसतीच्या अभावावरून बनला आहे. या दोन कल्पनांचें लग्न लावून आमच्या काळानें 'बिझनेस स्कूल' नांवाची संस्था निर्माण केली. त्या संसारांत फुरसतीचा पक्ष हरला, हें सांगण्यास ज्योतिषी नको.

१९६१ सालीं अहमदाबाद व कलकत्ता येथें, १९६५ सालीं मुंबईस जमनालाल बजाज यांच्या नांवानें, आणि २०१५ सालीं नागपुरास अशा संस्था निघाल्या. १४३७ सालच्या बहामनी-खानदेश लढाईमुळें इतिहासांत नमूद झालेल्या बुलढाणा जिल्ह्यांतील रोहिणखेडच्या मुलालाही त्यांचें दार आतां जवळ आलें, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु आंत गेल्यावर त्याचा दिवस कसा जातो? सकाळीं तास, दुपारीं गटानें करावयाचें काम, रात्रीं उद्यांच्या प्रकरणांचें वाचन. आणि उरल्यासुरल्या वेळांत 'नेटवर्किंग', म्हणजे माजी विद्यार्थी, पाहुणे व्याख्याते व कंपन्यांचे अधिकारी यांच्या ओळखी जोडणें. या अलिखित विषयाची परीक्षा रोज असते.

प्रतिपक्षाचें सर्वांत बळकट प्रमाण समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचें आहे. नोकरी मिळविण्यास जिवलग मित्रांपेक्षां दूरच्या ओळखी अधिक उपयोगी पडतात, असें त्यांनीं १९७३ च्या निबंधांत प्रतिपादिलें. आम्हांस तें मान्य आहे. पण तसें कां घडतें? दूरचा मनुष्य निराळ्या वर्तुळांत वावरतो, म्हणून त्याच्याकडे निराळी बातमी असते. एकाच दिवाणखान्यांत, एकाच धाटणीचे कोट घालून, त्याच चार अधिकाऱ्यांभोंवतीं घोटाळणाऱ्या शंभर तरुणांना एकमेकांकडून कोणती नवी बातमी मिळणार? आणि त्या अधिकाऱ्यांना तरी शंभरांतून कोणाचें नांव स्मरणार?

खरें निराळें वर्तुळ रोहिणखेडच्या मुलाजवळ आहे. सोयाबीन-कपाशीचा भाव बाजारांत कसा पडतो, अडत्या उचल कशी देतो, पावसानें दगा दिल्यास घर कसें चालतें, हें तो जाणतो. वर्गांतील किती जणांस हें ठाऊक असतें? पण हें भांडवल मोजण्यास संस्थेजवळ माप नाहीं. म्हणून तो गांवाचें नांव दबक्या आवाजांत सांगतो आणि शहरी सोबत्यांची नक्कल करूं लागतो. ज्याच्या घरीं ओळखी आहेत, त्याला त्या वारशानें मिळतात. ज्याच्या घरीं नाहींत, त्याला त्या झोपेच्या मोलानें विकत घ्याव्या लागतात. यास समान संधि म्हणणें हा निव्वळ शब्दच्छल होय.

व्यापार विश्वासावर चालतो, हें खरें. परंतु विश्वास बरोबरीनें काम केल्यानें उपजतो. हस्तांदोलनानें तो उपजत नाहीं. तेव्हां संस्थांनीं आठवड्यांतील दोन संध्याकाळ वेळापत्रकांतच मोकळ्या राखाव्या व त्या वेळीं कोणताही समारंभ भरवूं नये. म्हणजे मागें पडण्याचें भय कोणालाच उरणार नाहीं. आणि आईबापांनीं, फोनवर "कोणाकोणाच्या ओळखी झाल्या?" असें विचारण्यापूर्वीं, "या आठवड्यांत स्वस्थ बसून काय वाचलेंस?" असें एकदां विचारून पाहावें.