शेवटचा दिवस पायी

परदेशातल्या सहलीचा शेवटचा दिवस बहुतेकांचा बॅगा भरण्यात जातो. काट्यावर बॅग चढवायची, तेवीस किलोच्या वर गेली की पुन्हा उघडायची, यातली शाल त्यात आणि त्यातले बूट यात. मग उरलेली नाणी संपवायला दुकानात शिरायचे आणि कुणाला काय द्यायचे याची यादी करत विमानतळ गाठायचा. ज्या शहरासाठी व्हिसाच्या कागदांपासून थंडीच्या कपड्यांपर्यंत एवढी धावपळ केली, त्या शहराचा धड निरोपही घेतला जात नाही.

मला वाटते, सगळ्या सहलीत हाच दिवस सर्वांत मोलाचा. तोवर रस्त्यांची भीती मोडलेली असते. ट्यूबचा नकाशा वाचता येऊ लागतो, कार्ड कुठे टेकवायचे ते हाताला ठाऊक होते. पहिल्या दिवशी जे दाखवतील ते आपण पाहतो. शेवटच्या दिवशी मात्र आपल्याला काय पाहायचे आहे, ते आपण सांगू शकतो.

यंदा मे महिन्यात लंडनला जाणे झाले. बहिणीचा मुलगा हाउन्सलोला राहतो, हीथ्रो विमानतळापासून हाकेच्या अंतरावर. विमान रात्रीचे होते, म्हणजे दुपारपर्यंतचा वेळ आमचाच. भाचा म्हणाला, "मावशी, ऑक्सफर्ड स्ट्रीटला जाऊ. चॉकलेटं, पर्फ्यूम, सगळं एका रस्त्यावर मिळेल." मी म्हटले, "चॉकलेटं काल घेतली, पर्फ्यूम कुणी लावत नाही. मला दोन घरं बघायचीत आणि एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंत चालत जायचंय." आमच्या यांना चालायला नेहमीच आवडते. सुरगाण्याच्या माणसाला चालण्याचे काय विशेष!

पहिले घर लोकमान्यांचे. हाउन्सलोहून पिकॅडिली लाइनने पिकॅडिली सर्कस, तिथून बेकरलू लाइनने वॉरिक अव्हेन्यू. स्टेशनबाहेर आले की गजबज मागे पडते. पांढरी घरे, जुनी झाडे आणि थोड्याच अंतरावर हाउली प्लेस नावाची शांत गल्ली. १० क्रमांकाच्या घरावर निळी गोल पाटी आहे. टिळक १९१८-१९ मध्ये इथे राहत होते, एवढेच ती सांगते. पाटीवर न मावलेले आपल्याला माहीत असावे लागते. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराने आपल्या पुस्तकात त्यांना भारतीय असंतोषाचे जनक म्हटले आणि बरेच गंभीर आरोपही केले. त्याच्यावर अब्रुनुकसानीचा दावा चालवायला टिळक इतक्या दूर आले होते. मंडालेचा तुरुंगवास भोगून झालेला, मधुमेह जडलेला, वयाची साठी उलटलेली. १९१९ च्या सुरुवातीला ते दावा हरले आणि खर्चाचा डोंगर अंगावर आला. तरीही ते लगेच परत फिरले नाहीत. स्वराज्याची बाजू मांडत ते त्याच शहरात राहिले, मजूर पक्षाच्या पुढाऱ्यांना भेटले, पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष दिली आणि वर्ष संपता संपता मायदेशी निघाले. पुढच्या १ ऑगस्टला ते गेले.

घरात आज दुसरेच कुणी राहते, त्यामुळे आत जाता येत नाही. आम्ही समोरच्या फुटपाथवर उभे राहिलो. ज्या राज्याशी भांडायचे त्याच राज्याच्या राजधानीत, त्याच्याच न्यायालयात, त्याच्याच भाषेत भांडायला येणे केवढे धाडसाचे होते, हे त्या गल्लीत उभे राहिल्यावर मला जास्त कळले. मी वर्षानुवर्षे मुलांना टिळक शिकवले, ते शेंगांच्या टरफलांच्या गोष्टीने सुरू करून मंडालेपर्यंत. लंडनचे हे वर्ष आमच्या शिकवण्यात दोन ओळींत उरकायचे. ते तसे उरकू नये.

घरापासून पाच मिनिटांवर कालवा आहे. रीजंट्स कॅनॉल. त्याचा पॅडिंग्टनकडून कॅम्डेनपर्यंतचा हा भाग १८१६ मध्ये खुला झाला. मालाने भरलेल्या बोटी काठावरून घोडे ओढत नेत, म्हणून पाण्याला लागूनच पायवाट आहे. आता मालाच्या बोटी गेल्या, लांबट अरुंद बोटींमध्ये माणसे राहतात. टपावर कुंड्या, सायकली, सरपणाच्या मोळ्या. पुढे कालवा बोगद्यात शिरतो. तेवढा भाग वरच्या रस्त्याने चालून पुन्हा खाली काठाला उतरायचे.

या टप्प्यावर यांनी थोडी वाट वाकडी करायला लावली, कारण लॉर्ड्सचे मैदान तिथून जवळ आहे. २५ जून १९८३ ची, विश्वचषक जिंकल्याची रात्र यांनी रेडिओला कान लावून काढलेली. त्याहून यांना अभिमान दिलीप वेंगसरकरांचा. १९७९, १९८२ आणि १९८६, लॉर्ड्सवरच्या लागोपाठ तीन कसोटींत तीन शतके. फाटकाबाहेर उभे राहून यांनी ती भाच्याच्या मुलाला एकेक करून सांगितली आणि आम्ही पुन्हा कालव्यावर आलो.

पुढचा रस्ता फार सुंदर. रीजंट्स पार्कच्या कडेने कालवा वळतो, दोन्ही बाजूंनी झाडी पाण्यावर वाकलेली. प्राणिसंग्रहालयाच्या मधूनच तो जातो. मग पायऱ्या चढून वर आले की समोर प्रिमरोज हिल, गवताची उघडी टेकडी. आमच्या हातगड किल्ल्याशी तिची तुलना केली तर ती उंचवटाच म्हणावी लागेल, पण माथ्यावरून सगळे लंडन दिसते. सेंट पॉलचा घुमट, नदीकाठचे मोठे चक्र, काचेचे मनोरे. शहराचा निरोप घ्यायला याहून चांगली जागा मला सापडली नसती. भाचेसुनेने दिलेले थालीपीठ आम्ही तिथे गवतावर बसून खाल्ले.

टेकडी उतरली की किंग हेन्रीज रोड. १० क्रमांकाच्या घराला वेगळे शोधावे लागत नाही. एका रांगेतल्या जुन्या घरांपैकी एक, दारावर बाबासाहेबांचे नाव. १९२१-२२ मध्ये ते इथे भाड्याने राहत. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने हे घर विकत घेतले, त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला पंतप्रधानांच्या हस्ते स्मारकाचे उद्घाटन झाले. मधल्या काळात निवासी घराचे संग्रहालय करण्याला स्थानिक कौन्सिलने हरकत घेतली होती. २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने परवानगी दिली आणि तो प्रश्न मिटला. जाण्याआधी उघडण्याच्या वेळा पाहून घ्याव्यात.

आत छायाचित्रे आहेत, पुस्तके आहेत, वर निजण्याची खोली आहे. त्या खोलीत मी बराच वेळ थांबले. नागपूरकडचे एक कुटुंब आले होते, त्यांची मुलगी तिथेच शिकत होती. तिचे वडील चपला काढून खोलीच्या दारात हात जोडून उभे होते. कुणी काही बोलत नव्हते.

बाबासाहेबांच्या लंडनच्या दिवसांविषयी चरित्रांमध्ये जे येते, ते विद्यार्थ्यांनी पुन्हा पुन्हा वाचावे असे आहे. सकाळी पावाचा तुकडा आणि कपभर बोव्हरिल, मांसाच्या अर्काचे गरम पेय. मग चालत ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात. दार उघडताच आत, दार बंद होताना बाहेर, मधल्या जेवणाला पैसे नाहीत. संध्याकाळी पुन्हा वाचन आणि रात्री भूक असह्य झाली की ओळखीच्या माणसाने दिलेले पापड भाजून खायचे. मी भाच्यासाठी नागलीचे पापड नेले होते. चरित्रातला तो पापड मला त्या खोलीत आठवला आणि डोळे भरून आले. त्या उपाशी वर्षांमधून अर्थशास्त्रातली एम.एस्सी. आली, डी.एस्सी. आली, ग्रेज इनची बॅरिस्टरी आली आणि रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ १९२३ मध्ये छापून झाला.

पण मला त्या घरात सर्वांत जास्त आठवत राहिले ते त्याआधीचे १९१७ साल. अमेरिकेतून ते लंडनला आले होते, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले होते. तेवढ्यात बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. पुस्तके व सामान वेगळ्या बोटीने पाठवले होते. महायुद्ध चालू होते, ती बोट पाणतीराने बुडाली. त्यांच्या लंडनच्या त्या पहिल्या मुक्कामाचा शेवट असा झाला. बॅगेच्या दोन किलोंसाठी जिवाचा आटापिटा करणाऱ्या आपण सगळ्यांनी हे डोळ्यांसमोर आणावे. परत येऊन बडोद्यात नोकरी धरली तर राहायला घर मिळेना. मग मुंबईला सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले.

यातली एक गोष्ट आम्हा नाशिककरांनी तरी विसरू नये. १९१३ मध्ये बाबासाहेबांना प्रथम परदेशी पाठवले ते सयाजीराव महाराजांनी. आणि सयाजीराव जन्मले आमच्याच जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यातल्या कवळाणे गावी, शेतकऱ्याच्या घरात. दत्तक जाण्याआधी ते त्या गावातलेच एक पोर होते. पुढे बाबासाहेबांच्या बरोबरीने काळाराम मंदिराचा सत्याग्रह उभा करणारे दादासाहेब गायकवाड दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. म्हणजे किंग हेन्रीज रोडवरच्या त्या घराशी आपल्या जिल्ह्याचे नाते आधीपासून आहे. ते आपण आपल्या मुलांना सांगितलेले नाही.

चॉक फार्म स्टेशनवरून नॉर्दर्न लाइन, लेस्टर स्क्वेअरला बदल, पिकॅडिली लाइनने हाउन्सलो. दुपारी चारच्या आत आम्ही घरी. बॅगा आदल्या रात्रीच भरलेल्या होत्या. सगळ्या दिवसाचा खर्च म्हणजे ट्यूबचे भाडे आणि कालव्याकाठी घेतलेला चहा. लंडनला मुलांकडे जाणारे आता आपल्याकडे पुष्कळ आहेत, नाशिक-पुण्यात तर घरटी एक. त्यांना माझे सांगणे एवढेच की शेवटचा दिवस दुकानांना देऊ नका, या वाटेला द्या. आधीच्या दिवसांत राजवाडा, पूल, संग्रहालये खुशाल पाहा, ती पाहण्यासारखीच आहेत. शेवटच्या दिवशी आपण ज्या मुलखात परत जाणार, त्याच्याशी बांधलेले काही पाहिले की परतताना मन हलके राहते आणि पुढच्या कामाची दिशाही मिळते.

माझे काम मला विमानातच दिसू लागले होते. निवृत्त झाले तरी आश्रमशाळेत माझे जाणे-येणे आहे. आमच्या सुरगाणा तालुक्यात दिवाळीनंतर कितीतरी घरांना कुलूप लागते. भात आणि नागली घरात आली की आई-वडील दिंडोरी-निफाडकडे द्राक्षांच्या कामाला जातात आणि मूल वसतिगृहात राहते. बाऱ्हे, मनखेड, उंबरठाणच्या पाड्यांवरून आलेली ही मुले अंधारात उठून अभ्यास करतात. हुशारीत ती कुठेही उणी नाहीत. उणीव आहे ती पैशाची आणि माहितीची. १९१७ मध्ये बाबासाहेबांचे पाऊल पैशापाशी अडले होते. आमच्या मुलांचे तर त्याच्याही आधी, कुणी वाट न सांगितल्यामुळे अडते. बारावीला चांगले गुण पडलेल्या मुलीला विचारले की पुढे काय, तर डोळ्यांपुढे नाशिकपर्यंतचीच एसटी असते. दोष मुलीचा नाही, तिला त्यापलीकडचे कुणी सांगितलेले नसते.

आदिवासी विकास विभाग अनुसूचित जमातीच्या मुलामुलींना परदेशातल्या उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देतो. शिक्षणशुल्क, निर्वाहभत्ता आणि विमानाचे भाडे त्यातून मिळते. आपल्यासाठी कळवणचे प्रकल्प कार्यालय आणि नाशिकचे आयुक्तालय अशी विचारपूस करण्याची ठिकाणे आहेत. घरात पदवीचे शिक्षण घेणारे कुणी असेल, तर जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि पासपोर्ट ही कामे आजच सुरू करा, जाहिरात निघाल्यावर ती वेळेत होत नाहीत. इंग्रजीच्या परीक्षेची तयारी पदवीच्या दुसऱ्या वर्षापासूनच हवी. अर्ज कसा भरायचा हे कळत नसेल, तर शाळा सुटल्यावर आश्रमशाळेत या. मी तिथे असते, आपण मिळून भरू.