कायदा आणि व्यवहार : ठाण्याचा व न्यायालयाचा कागद कसा मागावा

गोदामात चोरी झाली, मालाचा ट्रक वाटेत अडविला गेला किंवा उधारीच्या वसुलीवरून हातघाई झाली, की व्यापारी पोलिसांकडे जातो, तक्रार सांगतो, सही करतो आणि दुकान उघडण्यासाठी परत येतो. सात-आठ महिन्यांनी विमा कंपनीचे पत्र येते. प्रथम खबर अहवाल द्या, घटनास्थळाचा पंचनामा द्या, तपासाचा अंतिम अहवाल द्या. तेव्हा घरात यांपैकी एकही कागद नसतो. रोजकीर्द आणि खतावणी पैशापर्यंत जुळविणाऱ्या कुटुंबांत ही उणीव निष्काळजीपणाने राहत नाही; ठाण्यात पुन्हा जाण्याचा संकोच हे तिचे खरे कारण आहे. मात्र यांतील बहुतेक कागद मागणे हा कायद्याने दिलेला हक्क आहे.

दरेकसा येथील दुकानदाराचा विचार केला तर ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील हे गाव मुंबई-हावडा लोहमार्गावर, अगदी राज्याच्या सीमेलगत आहे. पुढचे बोरतलाव स्थानक छत्तीसगडात येते. अशा ठिकाणी कागद कोणत्या दारी मागावा हाच पहिला प्रश्न. गावात घडलेल्या गुन्ह्याची दप्तरी नोंद सालेकसा पोलीस ठाण्यात होते. दरेकसा येथील पोलीस दूरक्षेत्रात तक्रार सांगितली तरी गुन्हा रजिस्टर क्रमांक ठाण्याचाच असतो. रेल्वेच्या डब्यातून किंवा फलाटावरून माल गेला असेल, तर ते काम लोहमार्ग पोलिसांचे, म्हणजे गोंदिया येथील त्यांच्या ठाण्याचे. ट्रक सीमेपलीकडे लुटला गेला असेल, तर तपास छत्तीसगड पोलिसांकडे जातो.

हद्दीच्या या गुंत्यावर कायद्याने एक उपाय केला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर जवळच्या ठाण्याने नोंदवून घ्यायची असते. अशी नोंद शून्य क्रमांकाने होते आणि नंतर योग्य ठाण्याकडे पाठविली जाते. येथे एक बारीक अडचण उद्भवते. तेथे पोहोचल्यावर गुन्ह्याला नवा क्रमांक मिळतो. फिर्यादी मात्र शून्य क्रमांकाची प्रत जपून ठेवतो आणि पुढे कोणत्याही कार्यालयात त्या क्रमांकावरून काहीच सापडत नाही. म्हणून कागद कोणत्या ठाण्याला व कोणत्या दिवशी पाठविला हे विचारून नवा क्रमांक त्याच प्रतीवर लिहून ठेवावा.

प्रथम खबर अहवालाची प्रत फिर्यादीला किंवा पीडिताला विनामूल्य द्यावी, असे कलम १७३ मध्येच म्हटले आहे. त्यासाठी विनंतीचीही गरज नाही, मग अन्य काही देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. सही करण्यापूर्वी मजकूर शांतपणे वाचावा. मालाचे वर्णन, वजन, किंमत आणि बिलाचा क्रमांक त्यात आला आहे की नाही हे पाहावे. तक्रार अदखलपात्र म्हणून नोंदली गेली असेल, तर हातात पडलेला कागद प्रथम खबर अहवाल नव्हे. अशा प्रकरणात न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. हा भेद ठाऊक नसल्यामुळे तपास चालू आहे अशा समजुतीत अनेकांची वर्षे जातात.

सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी यूथ बार असोसिएशनच्या प्रकरणात दिलेल्या निर्देशांनुसार प्रथम खबर अहवाल साधारणतः २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करायचा असतो. दुर्गम भागात संपर्काची अडचण असेल तर ही मुदत ७२ तासांपर्यंत वाढते. लैंगिक गुन्हे, बालकांवरील अत्याचार, दहशतवाद आणि बंडखोरी यांसंबंधीचे संवेदनशील अहवाल यातून वगळले आहेत. दरेकसा हे नाव वर्तमानपत्रांत दीर्घकाळ नक्षलवाद्यांच्या दलमच्या संदर्भात छापले गेले. तेथील काही अहवाल संकेतस्थळावर आढळले नाहीत तर त्याचे कारण येथे असू शकते. किराणा दुकानातील चोरीला मात्र हे कारण लागू होत नाही.

व्यापाऱ्याचे खरे नुकसान होते ते पुढच्या टप्प्यावर. आरोपी सापडून पुरावा मिळाला तर पोलीस न्यायालयात दोषारोपपत्र दाखल करतात. तसे नसेल तर समरी अहवाल पाठवितात. महाराष्ट्रात समरीचे तीन वर्ग रूढ आहेत. गुन्हा खरा, परंतु आरोपी वा पुरावा हाती लागला नाही, तर 'अ' समरी. तक्रार खोटी आणि तीही द्वेषबुद्धीने केलेली, असे पोलिसांचे मत असेल तर 'ब' समरी. गैरसमजुतीने केलेली किंवा मुळात दिवाणी स्वरूपाची तक्रार असेल तर 'क' समरी. चोरीच्या विमा दाव्यात सामान्यतः 'अ' समरीचा आधार लागतो. उधारीच्या फसवणुकीची तक्रार बहुधा 'क' मध्ये जाऊन पडते. 'ब' समरी मान्य झाली तर माल जातोच, शिवाय फिर्यादीच्या नावाला बट्टा लागतो आणि त्याच्यावरच कारवाईचा धोका निर्माण होतो. बाजारातील पत हेच ज्यांचे भांडवल, त्यांनी या कागदाकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही.

समरीची केवळ मागणी पोलीस करतात. ती मान्य करावी की नाही हे न्यायदंडाधिकारी ठरवितात. त्यापूर्वी फिर्यादीला सूचना देऊन त्याचे म्हणणे ऐकावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये भगवंत सिंग प्रकरणात स्पष्ट केले आहे. तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळविण्याचे बंधनही नव्या संहितेच्या कलम १९३ ने घातले आहे. तेवढ्या काळात काही कळले नाही, तर तपास अधिकाऱ्यांना लेखी अर्ज देऊन त्याच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. न्यायालयाची सूचना आली, तर समरी अहवालाची व सोबतच्या जबाबांची नक्कल घेऊनच उत्तर द्यावे.

उलट, व्यापारी स्वतः आरोपी असेल, तर दोषारोपपत्र व त्यासोबतचे जबाब आणि कागदपत्रे त्याला विनामूल्य मिळतात. कलम २३० प्रमाणे हजर झाल्यापासून १४ दिवसांच्या आत. तपासाची रोजची केस डायरी मात्र आरोपीला मागता येत नाही. दोषारोपपत्रे सरसकट संकेतस्थळावर टाकावीत ही मागणीही सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये नाकारली.

न्यायालयाच्या कागदासाठी नक्कल विभागात अर्ज करावा लागतो. अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प, प्रकरण क्रमांक, पक्षकारांची नावे आणि हव्या असलेल्या कागदाचे नेमके वर्णन लागते. प्रकरण क्रमांक हाती नसेल, तर ई-कोर्ट्‌सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने वा गुन्हा क्रमांकाने शोध घेता येतो. तेथे मिळणारा १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक लिहून ठेवावा. तेथून उतरवून घेतलेली निकालाची प्रत वाचण्यास पुरेशी असली, तरी विमा कंपनी, बँक किंवा अपिलाचे न्यायालय प्रमाणित नक्कलच मागते. जो प्रकरणात पक्षकार नाही, त्याला कारण सांगून न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते.

निकाल विरुद्ध गेला असेल, तर नकलेचा अर्ज त्याच दिवशी करणे श्रेयस्कर. मुदत अधिनियमाच्या कलम १२ नुसार नक्कल मिळविण्यात लागलेला काळ अपिलाच्या मुदतीतून वगळला जातो; अर्ज करण्यापूर्वी घरी बसून घालविलेले दिवस वगळले जात नाहीत. चेक न वटल्याच्या खटल्यात शिक्षा झाल्यास सत्र न्यायालयात अपिलासाठी ३० दिवस मिळतात. दरेकसा ते गोंदिया अशी एक फेरी टाळण्यासाठी त्यांतील दहा दिवस घालविणे महाग पडते.

माहितीचा अधिकार हा सर्व कुलपांची किल्ली आहे, अशी समजूत प्रचलित आहे. २००५ च्या त्या अधिनियमाखाली दहा रुपयांच्या शुल्कात पोलिसांकडे अर्ज करता येतो आणि ३० दिवसांत उत्तर अपेक्षित असते. तथापि तपासात बाधा येईल अशी माहिती कलम ८ नुसार नाकारता येते. मात्र बाधा कशी येईल हे अधिकाऱ्याने दाखवावे लागते. तपास का रखडला, असा प्रश्न अर्जात विचारू नये. अमुक क्रमांकाच्या गुन्ह्यातील समरी अहवालाची प्रत, अमुक तारखेची ठाणे दैनंदिनीतील नोंद, असे दस्तऐवजाचे नाव घेऊन मागावे. न्यायालयीन प्रकरणातील कागदांसाठी हा मार्ग चालत नाही. ते न्यायालयाच्या नियमांप्रमाणेच मागावेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयासंबंधीच्या प्रकरणात दिला.

जुन्या वाटणीचे किंवा दुकानाच्या जागेचे कागद शोधणाऱ्या कुटुंबांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यापूर्वीच्या दाव्याचा पत्ता गोंदिया येथे लागला नाही, तर भंडारा येथील अभिलेख कक्षात चौकशी करावी. ठराविक मुदतीनंतर काही वर्गांतील कागद नियमानुसार नष्टही केले जातात. अशा वेळी न्यायालयाच्या नोंदवहीतील उताऱ्यासाठी अर्ज करावा, आणि अभिलेख उपलब्ध नाही असे उत्तर मिळाल्यास ते लेखी व शिक्क्यासह घ्यावे. पुढे दुय्यम पुरावा सादर करताना तेच उत्तर उपयोगी पडते.