पाटीवरचा सावजी

परवा नंदनवनात एका स्नेह्यांकडे काम होते. ते आटोपता आटोपता रात्रीचे नऊ वाजले. परतीच्या वाटेवर 'सावजी भोजनालय' अशी ठळक पाटी दिसली आणि पाय आपोआप आत वळले. ताट आले. रश्शावर लालभडक तवंग होता, नाकाडोळ्यांतून पाणी काढील इतका तिखटपणाही होता. परंतु जवसाच्या तेलाचा तो ओळखीचा वास नव्हता आणि खसखस, सुंठ, दगडफूल यांचा मागमूस लागत नव्हता. तेल कोणते वापरता, असे मालकास विचारले. सोयाबीनचे, असे त्याने सांगितले आणि मोठ्या प्रांजळपणे पुढे म्हणाला, "साहेब, पाटीवर सावजी लिहिल्याखेरीज इथे गिऱ्हाईक चढत नाही."

त्याच्या प्रांजळपणाबद्दल राग येणे शक्य नव्हते. तथापि प्रश्न एका ताटापुरता नाही. सावजी हे तिखटाचे नाव नव्हे, ते माणसांचे नाव आहे. नागपूरच्या हलबा-कोष्टी विणकर समाजाला या नावाने ओळखतात. इतवारी, पाचपावली, गोळीबार चौक या वस्त्यांतून एकेकाळी हातमागांचा खडखडाट चाले. १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली, पुढे गिरणीच्या कापडाने बाजार व्यापला आणि हातमाग मागे पडत गेला. (ती गिरणीही २००२ साली बंद झाली, हा काळाचा न्याय म्हणावा की अन्याय, कोण जाणे.) माग थंडावले तेव्हा अनेक घरांनी चुलीचा आधार घेतला. घरातल्या स्त्रिया मसाला भाजून पाट्यावर वाटीत, ओसरीवर पंगत बसे. मटण, खूर, कलेजी आणि शाकाहारी माणसासाठी पाटवडीचा रस्सा. मसाल्याचे प्रमाण कागदावर नव्हते, ते हातात होते. वडिलार्जित धंदा गेलेल्या माणसांजवळ विकण्याजोगे जे उरले होते, ते हेच नाव आणि हाच हात. त्यातले नाव आता ज्याला हवे तो पाटीवर रंगवून घेतो.

या संदर्भात ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहराचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तिथला 'वीनर श्निट्झेल' हा पदार्थ म्हटले तर अगदी साधा. वासराच्या मांसाचा काप ठेचून पातळ करायचा, मैदा, अंडे आणि पावाचा चुरा यांत घोळवून तळायचा, वर लिंबाची फोड. मिलान शहरातून सेनापती राडेट्झकीने तो आणला, अशी कथा सांगतात. अभ्यासकांनी ती निराधार ठरविली आहे. पण तेथील खाद्यसंहिता या वंशावळीच्या वादात पडतच नाही. ती एवढेच म्हणते की नुसते 'वीनर श्निट्झेल' लिहिले असेल तर मांस वासराचेच हवे. डुकराचे असेल तर तसे लिहा, किंवा 'व्हिएन्ना पद्धतीचे श्निट्झेल' म्हणा. १९०५ सालापासूनची फिग्लम्युलर ही तिथली नामांकित खाणावळ डुकराच्या मांसाच्या श्निट्झेलसाठीच प्रसिद्ध आहे. परंतु ते ती स्वतःच्या नावाने विकते. लोक तेही आवडीने खातात.

आपल्याकडे कायदा नाही असे नव्हे. भौगोलिक निर्देशनाचा कायदा १९९९ साली झाला, २००३ पासून अमलात आला. हैदराबादी हलीमला २०१० साली आणि नागपूरच्या संत्र्याला २०१४ साली त्याचा लाभ मिळाला. मात्र हा कायदा भूमीशी बांधलेला आहे, आणि सावजीची भूमी म्हणजे एक समाज. केवळ नागपूरच्या हद्दीत शिजला म्हणून रस्सा सावजी ठरू लागला, तर पाटीवाल्यांचेच फावेल. शिवाय प्रत्येक घराचा हात निराळा. एका घराची कृती प्रमाण ठरवून बाकीच्यांना खोटे पाडणे हा तर दुसराच अन्याय होईल. तेव्हा कृतीला हात न लावता तेल कोणते आणि मसाला घरी वाटलेला की पुड्यातला, एवढे दरफलकावर लिहिण्याची सक्ती पुरेशी आहे. सावजी म्हणवून घेण्यास किमान काय हवे, हे त्या समाजातील जुन्या भोजनालयवाल्यांनीच ठरवावे. सरकारी समितीच्या हाती ते काम गेले तर मसाल्याचाही ठराव होईल.

गरीब खाणावळवाल्याने काय करावे, असा आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. नंदनवनात महाविद्यालयांमुळे विद्यार्थ्यांची वर्दळ असते. त्यांना परवडणाऱ्या दरात जेवण मिळायलाच हवे. जवसाच्या तेलाची सक्ती त्यांच्या खिशावर का लादावी? लादू नये. सोयाबीनच्या तेलातला झणझणीत रस्सा खुशाल विकावा, खुशाल खावा. मराठीत चोराच्या उलट साव म्हणतात. ज्या नावाच्या आरंभीच तो शब्द ऐकू येतो, त्या नावाखाली तरी काय विकतो ते सांगून विकावे.

निघताना त्या मालकाला 'सावजी पद्धतीचे भोजनालय' असे लिहून पाहण्याची सूचना केली. तो मनापासून हसला. चार अक्षरे वाढली की पाटीचे पैसेही वाढतात, म्हणाला, आणि सुटे परत देऊन पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.