वाफशाचे माप विमानातून: अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरच्या संचालकांस खुले पत्र

माननीय संचालक महोदय,

1979 साली ‘भास्कर-1’ या उपग्रहातून आपल्या संस्थेने घडविलेला ‘समीर’ हा सूक्ष्मतरंग रेडिओमीटर अंतराळात गेला आणि 19 व 22 गिगाहर्ट्‌झ कंप्रतांवर सागरावरील बाष्पाचा ठाव घेऊ लागला, तेव्हापासून ही विद्या या देशाला परकी राहिलेली नाही. म्हणूनच त्याच जातीचे, परंतु 21 सेंटिमीटर तरंगलांबीचे उपकरण विमानात बसवून मराठवाडा-सोलापूरच्या काळ्या रानावरून फिरवावे, ही विनंती आपल्यापुढे ठेवतो.

हे उपकरण स्वतः काहीच प्रक्षेपित करीत नाही. प्रत्येक पदार्थ आपल्या उष्णतेमुळे जे अतिक्षीण तरंग उत्सर्जित करतो, ते कोरड्या मातीतून विपुल आणि ओल्या मातीतून पुष्कळच कमी येतात, आणि हा फरक दहा-दहा केल्विनांच्या पटीत मोजण्याइतका स्पष्ट असतो. 21 सेंटिमीटर तरंगलांबी सामावणारा 1400 ते 1427 मेगाहर्ट्‌झ हा पट्टा आंतरराष्ट्रीय कराराने प्रक्षेपणास वर्ज्य आहे. नारायणगावनजीक खोडदची रेडिओ दुर्बीण ज्या पट्ट्यात आकाशस्थ हायड्रोजनचा वेध घेते, त्यातच पायाखालच्या ढेकळाची ओलही कळावी, हा योग मला फार विलक्षण वाटतो.

उपग्रह हे काम करतात. पण त्यांच्या सुमारे 40 किलोमीटरच्या एका चौकटीत कालव्याखालचा ऊस आणि कोरडवाहू ज्वारी यांची एकच सरासरी निघते, आणि ती दोघांनाही लागू पडत नाही. 1997 साली ओक्लाहोमात विमानातील रेडिओमीटरने 800 मीटरच्या बारकाव्याने मातीचे नकाशे काढले, आणि खाली माणसांनी माती उकरून, तोलून, ते पडताळले. तिथली गणिते आपल्याकडे जशीच्या तशी चालतील असे मात्र समजू नये, कारण आमची चिकण काळी माती पाणी कणांशी घट्ट बांधून ठेवते, भेगाळते, आणि असे बद्ध पाणी तरंगांना मोकळ्या पाण्यासारखे दिसत नाही. शिवाय हे माप वरच्या पाचएक सेंटिमीटरांचेच. रब्बीची ज्वारी जगते ती खोल ओलीवर. तरीही पेरणीचा वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, याच थरात ठरतो, आणि पिकाच्या उत्पन्नाचा सरकारी अंदाज देणारी आणेवारी तर पीक हातचे गेल्यावरच बोलते.

तेव्हा परभणी व राहुरीच्या कृषी विद्यापीठांस बरोबर घेऊन, भाद्रपद-आश्विनात, पेरणीच्या तोंडावर, ही उड्डाणे करावीत आणि त्यांचे आकडे तहसील कचेऱ्यांपर्यंत खुले ठेवावेत, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक नागरिक